फुकट पाकिटं वाटणाऱ्या हौशी मंडळींनो, जरा थांबा

रापीवाला (लातूर), धागाकर्ता:

गेली चार वर्षं संध्याकाळी घरी बसून चामड्याची पाकिटं, कमरेचे पट्टे, चष्म्याची घरं असलं काहीबाही करतो. नोकरी बँकेतली, हे निव्वळ हौसेपोटी. बायको त्या खोलीला 'कारखाना' म्हणते आणि पाहुणे आले की दार लावून घेते. साठेक पाकिटं झाली असतील. त्यातली बहुतेक मी वाटून टाकली. कुणाचा वाढदिवस, कुणाची बदली, कुणी नुसतंच "भारी दिसायलंय" म्हणालं म्हणून.

आता मत बदललंय. हौस म्हणून चामड्याचं काम करणाऱ्यानं ते फुकट वाटू नये. द्यायचंच असेल तर मजुरी धरून पैसे घ्यावेत.

कारण ऐका. रापी, म्हणजे चामडं कापायचं-तासायचं हत्यार, धरायला मला इथल्या गंजगोलाई बाजारात चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी शिकवलं. चामड्याची कड तासताना रापी आपल्याकडं ओढायची नसते, पुढं ढकलायची असते, हे कळेपर्यंत माझ्या अंगठ्याला तीन पट्ट्या लागल्या होत्या. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून शिवण कशी घालायची हेही त्यांच्याकडूनच शिकलो. मशीनच्या टाक्यात दोरा एका जागी तुटला की शिवण सुटत जाते. या टाक्यात दोरा दोन्ही अंगांनी प्रत्येक भोकातून गेलेला असतो, एकीकडून तुटला तरी दुसरी बाजू धरून ठेवते.

मागच्या दिवाळीत आमच्या शाखेतल्या एकाला पाकीट दिलं. महिन्याभरानं तो याच काकांकडं बॅगेची चेन बसवायला गेला. काकांनी ८० रुपये सांगितले. तर हा म्हणतो, "आमचे साहेब अख्खं पाकीट फुकट देतात अन् तुम्ही नुसत्या चेनीचे ऐंशी मागता?" काकांनी मला हे हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

हिशेब बघा. एका साध्या दुघडी पाकिटाला दीड चौरस फुटाच्या आसपास चामडं जातं. मला ते २२० रुपये फुटानं पडतं. दोरा, मेण, कडेचा रंग धरून ४०० च्या आतबाहेर. वेळ सहा तास. "चामड्याचे तेवढे द्या" म्हणून मी ४०० घेतो तेव्हा सहा तासांचे शून्य लावलेले असतात. मला पगार आहे, म्हणून चालतं. पण घेणाऱ्याच्या डोक्यात हाताच्या पाकिटाचा भाव ४०० असा पक्का बसतो, आणि तेच पाकीट काकांनी ९०० ला सांगितलं की काका लुटारू ठरतात.


गोदाकाठ (नांदेड):

रापीवाले साहेब, ऐकायला बरं वाटतं पण डोक्यात काही शिरंना. मपल्या आज्जीनं जन्मभर गोधड्या शिवल्या अन् गणगोतात वाटल्या. त्यानं नांदेडातल्या कोणत्या शिंप्याचं दुकान बसलं? दिवाळीला शेजारी चिवडा दिला तर हलवायाचं पोट मारलं म्हणायचं का?

मी एका पट्ट्याला दोन रविवार घालवतो. रोजानं मजुरी लावली तर तो पट्टा मी स्वतःसुद्धा विकत घेणार नाही. आणि तुमच्या बँकेतल्या माणसाचा दोष त्याच्या तोंडाचा हाय. पाकिटाला कामून धरायलाव?


सुईदोरा (परभणी):

गोदाकाठ, गोधडीचं उदाहरण चुकलं. गोधडी सगळ्याच घरांत शिवतात. चामडं तसं नाही.

मी पाकिटं वाटत नाही, कागदी नमुने वाटते. कुठं कापायचं, कुठं घडी, भोकांत किती अंतर. ज्याला हवं त्यानं आपल्या हातानं करावं. त्यावर कुणाला आक्षेप आहे का?


रापीवाला:

नमुन्यांवर माझा तरी नाही.


माळकरी (पैठण):

मुळात जनावराच्या कातड्याची हौस कशाला? कापडाच्या पिशव्या शिवा, कागदाच्या वस्तू करा. एवढी कला हातात आहे तर जीव न घेता वापरा.


गोदाकाठ:

महाराज, पखवाजाची पुडी कशाची असती? बोकडाच्या कातड्याची. ताणायला वाद्या कशाच्या? चामड्याच्याच. दिंडीत मृदंग घुमायला लागला की तेव्हा नाही कुणी इचारत.


माळकरी:

मृदंग देवापुढं वाजतो, तुमचं पाकीट नोटा ठेवायला लागतं. मला फरक दिसतो. तुम्हाला नसेल दिसत तर राहू द्या.


रापीवाला:

हा वाद मोठा आहे, त्याला वेगळा धागा काढू. एवढंच म्हणतो की रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. दोन वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात आणि ते उकिरड्यावर जातं. त्यात पुण्य किती, तुम्हीच ठरवा.


उमरगेकर:

तुम्ही सगळे भावावर अडकलात. मी जरा मागून सांगतो, लांबेल.

माझे आजोबा कातडं कमवायचे आणि मोटा शिवायचे. हल्लीच्या पोरांनी मोट फक्त चित्रात बघितलेली असते. विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची भली मोठी पिशवी, खाली सोंड, वर नाडा, ओढायला बैल. तिच्यासाठी कातडं चुन्यात टाकायचं, केस काढायचे, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवत ठेवायचं. त्या वासानं गावात कुणी जवळ उभं करत नसे, आणि त्याच कातड्यातून आलेल्या पाण्यावर गावाचा ऊस, गहू पिकायचा.

याचे पैसे? पैसे नव्हतेच. सुगीला खळ्यावर जायचं, मिळेल तेवढी ज्वारी पदरात घ्यायची. बलुतं. मोट ऐन उन्हाळ्यात फाटली की रात्री बोलावणं आलं तरी निघायचं, त्याचं वेगळं काही नाही. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. वेठ होती ती निराळीच. मग विजेच्या मोटारी आल्या, मोट गेली आणि तिच्या मागोमाग बलुतंही गेलं. म्हणजे चामड्याच्या कामाला रोकड भाव असतो ही सवय गावाला लागायच्या आधीच ते काम संपलं.

म्हणून 'फुकट' हा शब्द मला टोचतो. तुमच्या घरात तो मायेचा असेल. आमच्या घरात तो हुकूम होता.

पण रापीवाले, तुम्ही मजुरी लावलीत म्हणून माझं समाधान होणार आहे असंही समजू नका. तुम्ही ९०० रुपये घ्याल ते 'लेदर आर्टिस्ट' म्हणून. प्रदर्शनात टेबल मिळेल, कुणीतरी फोटो काढेल. तेच काम करणारा माझा चुलता सरकारी कागदात 'गटई कामगार' आहे आणि त्याला मिळाला तर पत्र्याचा स्टॉल मिळतो. माझ्या वडलांनी मला शिकवलं ते या कामातून बाहेर पडावं म्हणून. मी पुण्यात संगणकावर बसतो. घर भाड्यानं घेताना आडनाव ऐकून समोरचा माणूस क्षणभर थांबतो, ते मला अजून कळतं. तुम्ही रापी हातात घेतलीत म्हणून तुम्हाला कुणी आडनाव विचारलं का?

आमच्याकडून तासाभरावर बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथं हरळय्या नावाचे शरण, म्हणजे महात्मा बसवेश्वरांचे अनुयायी, होते, पादत्राणं करणारे. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा बसवण्णांसाठी केल्या अशी कथा आहे. ती कीर्तनात सांगतात, लोक डोळे पुसतात. पुढची गोष्ट मात्र हळू आवाजात सांगतात. हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मणाच्या मुलीशी झालं आणि राजानं दोन्ही बापांना देहदंड दिला. वहाणा चालल्या, सोयरीक चालली नाही.


लातूरकरीण (सध्या पुणे):

उमरगेकर, तुमचं सगळं पटलं. त्यात माझी भर.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे किती तापलो होतो! मीसुद्धा स्टेटस ठेवलं होतं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. मराठवाड्यातला त्यात एकही नाही, तरी आपल्याला केवढा अभिमान. आणि इथं गंजगोलाईत चेनीचे ८० रुपये जास्त वाटतात.

पण याचा अर्थ हौशी माणसानं काम करूच नये असा होत असेल तर मला ते मान्य नाही. जातीनं बांधलेलं काम जातीबाहेरच्या माणसानं आपण होऊन हातात घेतलं, तर ती गाठ थोडी तरी सैल होते. नाही का?


उमरगेकर:

ताई, गाठ सैल होते ती वरच्या टोकाला. खालचं टोक तसंच आवळलेलं राहतं. करू नका असं मी कुठंच म्हटलं नाही. शिकलात कुणाकडून ते तरी सांगा, एवढं म्हणतो.


फर्मा (छत्रपती संभाजीनगर):

मी याच धंद्यातला, तिसरी पिढी. उमरगेकरांच्या दुःखाबद्दल आदर आहे, पण माझं गणित वेगळं आहे. आणि रापीवाल्यांचंही चुकलंय.

हौशी माणसं माझी गिऱ्हाइकं आहेत. त्यांना अख्खं कातडं परवडत नाही, दोन-तीन फूट हवं असतं. मी तुकडे पाडून देतो आणि त्यात फुटामागं बरे पैसे सुटतात. पट्ट्याला तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं लागतं, पाकिटाला एक-सव्वा. ते पातळ करून देण्याचे वेगळे घेतो. दर रविवारी चार-पाच जण येतात, त्यात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी भाच्याला पाकीट फुकट दिलं म्हणून माझं कवडीचं नुकसान झालं नाही. तो भाचा माझ्याकडं येणारच नव्हता. तो मॉलमधून 'जेन्युइन लेदर' असा छाप मारलेलं काहीतरी घेणार होता, ज्यात बऱ्याचदा चामड्याचा खालचा भुसभुशीत थर आणि वरून प्लास्टिकचा लेप असतो.

आमचं कंबरडं मोडलं ते दोन गोष्टींनी. एक रेक्झिन. दुसरी मालाची टंचाई. गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यापासून होतीच, २०१५ च्या मार्चमध्ये बैल आणि वळूही त्यात आले. कायदा बरा की वाईट यात मला पडायचं नाही. पण वहाणेच्या तळाला लागणारं जाड कातडं मला आता म्हशीचं घ्यावं लागतं, नाहीतर बाहेरच्या राज्यातून मागवावं लागतं. उस्मानाबादी शेळी आपल्या दारात, आणि मी शेळीचं चामडं आणतो चेन्नईहून! इथं कमावणारं कुणी उरलंच नाही. बाभळीच्या सालीत मुरवायला आठवडे लागतात, क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावणाऱ्या कारखान्यात तेच काम दिवसांत होतं. संत रोहिदासांच्या नावाचं चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून आहे. पण माझ्या दुकानात शिकायला पोरगं येत नाही, कारण त्याचा बाप उमरगेकरांच्या वडलांसारखाच शहाणा आहे.

तेव्हा वाटा हो खुशाल. फक्त एक करा, दुरुस्ती घरी करू नका. शिलाई उसवली, चेन गेली, बटण निघालं की माणसाला आमच्याकडं पाठवा. आमची चूल दुरुस्तीवरच चालते. नव्या मालात आता काही राम नाही.


सुईदोरा:

फर्माभाऊ, तीन फूट म्हशीचं परभणीला पाठवाल का? कुरिअरचे वेगळे देईन.


फर्मा:

निरोप टाका. काळं आहे, तपकिरी पुढच्या आठवड्यात.


रापीवाला:

फर्माशेठ, दुरुस्तीचं डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या महिन्यात मी तिघांच्या पट्ट्यांची बकलं बदलून दिली, फुकट, आणि वर चहा पाजला. हे म्हणजे काकांच्या ताटातलंच झालं.

उमरगेकर, तुमचं वाचून परवा काकांकडं गेलो. म्हटलं, काका, पाकिटाच्या आत तुमचं नाव ठसवतो, 'यांच्याकडून शिकलो' म्हणून. पितळी ठसा करून घेतो. काका हातातली चप्पल बाजूला न ठेवता म्हणाले, "नाव कशाला साहेब? चामडं माझ्याकडून घेत जा, तेवढं बस."

म्हणजे काकाही शेवटी फर्माशेठच्याच बाजूचे निघाले.


उमरगेकर:

काकांना नाव नको, हे कळलं. का नको, ते विचारलंत?


रापीवाला:

नाही विचारलं.


लातूरकरीण:

विचारू नका आता. विचारलंत तर ते हसून काहीतरी सांगतील आणि तुम्ही ते इथं येऊन लिहाल.


रापीवाला:

कळलं. चामडं मात्र आता काकांकडूनच. फुटामागं तीस रुपये जास्त पडतात आणि निवड कमी, पण असू दे. मजुरीच्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे. पुढचं पाकीट ९०० ला. कुणी घेतलं नाही तर नाही.


गोदाकाठ:

घ्या ९००. मपला मेव्हणा पोळ्याला येणार हाय, त्याच्यासाठी पट्टा होत आलाय. एक छदामसुद्धा घेणार नाही. बैलांच्या घुंगरमाळेचे पट्टेबी शिवायलोय, तेबी फुकट. बैलाकडून कशी मजुरी घ्यायची तेवढं सांगा.

रापीवाले, एक पट्टा तुमालाबी पाठवू का? कंबर सांगा.


रापीवाला:

अडतीस. कुरिअरचे पैसे मी देणार.