सुदानी गरोदर स्त्रीची काळजी घेताना काय लक्षात ठेवावे?

प्रश्न (परिचारिका, पुणे): आमच्या प्रसूतिगृहात सुदानहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीचे नाव नोंदवले आहे. अमेरिकेत २०२१ साली दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला, श्वेतवर्णीयांमध्ये हेच प्रमाण २६.६ होते, हे वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे. आम्ही काय जपावे?

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ): सिस्टर, त्या तफावतीमागे तक्रारीकडे होणारे दुर्लक्ष हे एक मोठे कारण आहे. २०१७ मध्ये प्रसूतीनंतर दम लागल्यावर फुफ्फुसात रक्ताची गुठळी असावी असे कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्स स्वतः सांगत होत्या, तरी स्कॅनसाठी त्यांना आग्रह धरावा लागला. शिवाय गडद त्वचेवर फिकटपणा चटकन दिसत नाही, म्हणून खालची पापणी ओढून आतला भाग, जीभ आणि तळहात पाहावेत. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा त्वचेवर कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवते, तेव्हा केवळ आकड्यावर विसंबू नये.

उत्तर (समुपदेशक): सुदानमध्ये अनेक मुलींची सुंता (बाह्य जननेंद्रियाचा भाग कापणे) झालेली असते. त्याविषयी शेवटच्या क्षणी नव्हे, तर आधीच्या तपासणीत, एकांतात आणि चेहऱ्यावर धक्का न दाखवता विचारावे. अरबी जाणणारी स्त्री दुभाषी मिळाली तर फारच उत्तम. नवऱ्यासमोर सगळेच बोलता येत नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. पुढच्या तपासणीआधी दुभाषीची सोय करते.