नेतृत्व तुम्ही कुणाकडून शिकलात?

नमस्कार मंडळी. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, नुकतीच वॉर्डाची इनचार्ज झाले. त्यासाठी प्रशिक्षण झालं, नेतृत्वाच्या शैली वगैरे शिकवल्या. पण चांगला म्होरक्या म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येते ती वारीतली समाजआरती. आमच्या घरात वारी आहे. लहानपणी मी आजीबरोबर लोणंदपासून पुढं चालायचे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी माऊलींची पालखी तळावर येते, दिंड्या भोवतीनं गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारचा काय म्हणतोय ते कळत नाही. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि सगळं एकदम थांबतं. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. पाण्याचा टँकर पोचला नाही, कुणी क्रम मोडून मध्ये घुसलं, काहीही असो. चोपदार स्वतः तिथं चालत जातात, ऐकून घेतात. ते टाळ थांबल्याशिवाय आरती होत नाही. एवढा मोठा सोहळा एका दिंडीसाठी खोळंबतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

माझ्या वॉर्डात उलटं आहे. ड्यूटी लिस्ट लावली की समोर सगळ्या "हो सिस्टर". नाइटवरून, दिवाळीच्या सुट्टीवरून नाराजी आहे, पण ती चेंजिंग रूममध्ये. मला त्यांचे टाळ ऐकू यायला हवेत. काय करू? आणि तुम्ही हे कुणाकडून शिकलात?

प्रतिसाद १

ताई, चित्र सुंदर आहे, पण एक फरक ध्यानात घ्या. चोपदारांच्या हातात कुणाची रजा नसते, गोपनीय अहवाल नसतो. तुमच्या हातात आहे, म्हणून बायका गप्प बसतात.

मी एसटीत आधी कंडक्टर, नंतर वाहतूक नियंत्रक. कंडक्टर असताना खिडकीपाशी उभं राहून "साहेब, माझी उद्या कुठली गाडी?" असं विचारायला लागायचं. मुक्कामी गाडी ठरावीक लोकांच्याच वाट्याला का येते, हे विचारायची सोय नव्हती. खुर्चीत बसल्यावर मी पहिलं काम केलं: कुणी किती मुक्काम केले याचा तक्ता बाहेरच्या भिंतीवर लावला. लोक तक्त्यापाशी येऊन भांडायला लागले. माझ्याशी भांडायची हिंमत नसते, आकड्यांशी असते. तुम्हीही नाइटचा हिशेब उघडा ठेवा.

प्रतिसाद २

राम कृष्ण हरी, माऊली. मी आमच्या दिंडीत विणेकरी आहे. तळावर टाळ वाजवत ठेवणं ही शेवटची पायरी असते, हे लांबून बघणाऱ्याला दिसत नाही. भिशीतलं (दिंडीच्या सामाईक पंगतीतलं) जेवण, ट्रकमधलं सामान, राहुटीतली जागा, यावरची कुरबुर दिंडीतच मिटवायची असते. दिवसभर कुणी काही विचारलंच नाही, तरच संध्याकाळी टाळ वाजतात.

आणखी एक. या सोहळ्याला आजची शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या दरबारातले सरदार, हुकूम सोडणारा माणूस. त्यांची समाधी आळंदीला महाद्वाराच्या पायरीशी आहे. आम्ही त्या पायरीवर डोकं ठेवूनच आत जातो. अधिकार कसा वापरायचा, ते मला त्या पायरीनं शिकवलं. तुम्ही खुर्ची सोडून ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना कामाची माहिती घेताना, त्यांच्यात उभ्या राहा, अर्ध्या गोष्टी तिथंच कानावर पडतील.

प्रतिसाद ३

मी गावची सरपंच होते, महिला राखीव जागेवर. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या, पण ग्रामसभेत बायका मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदाच आहे. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती होते. मी ती खरोखर घेतली, अंगणवाडीच्या ओट्यावर, दुपारी, भांडी झाल्यावर. तिथं पहिल्यांदा कळलं की नळाला पाणी येतं ती वेळ मजुरीला जाणाऱ्या बायकांना साधतच नाही. माझ्या घरी विहीर, मला कसं समजणार?

तेव्हा सिस्टर, मोठ्या मीटिंगआधी छोटी घ्या. आणि वॉर्डातल्या मावशींना विसरू नका.

धागाकर्ती

काका, तक्त्याचं पटलं. या महिन्याची लिस्ट आधी पेन्सिलनं लिहून लावते, शेजारी मागच्या महिन्यांच्या नाइट आणि सणाच्या सुट्ट्या कुणाला मिळाल्या तेही. सरपंचताई, मावशींची ड्यूटी आजवर कुणी त्यांना विचारून लावलेलीच नाही. उद्या दुपारच्या ओव्हरआधी त्यांच्यापासूनच सुरुवात करते.