"माझं नाही ऐकलंस तर कट्टी!" – सव्वापाच वर्षांच्या मुलीला यावर काय शिकवावं?

शेवंती (प्रश्न)

मुलगी सव्वापाच वर्षांची, मोठ्या शिशुगटात. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत सहा-सात मुलांचा घोळका असतो. त्यातली एक, वयाने सहा-आठ महिन्यांनी मोठी, सारखी म्हणते, "माझं नाही ऐकलंस तर कट्टी." मग आमचीने सायकल द्यायची, पकडापकडीत राज्यही आमचीवरच, भातुकलीत बाळ व्हायचं ते आमचीनेच. ती लगेच हो म्हणते आणि घरी येऊन रडते. आजी सांगते, "तूच कट्टी घे." बाबा सांगतात, "सगळ्यांशी मिळून मिसळून राहावं." दोन्हींचा उपयोग शून्य. नेमकं काय शिकवायचं, कोणत्या शब्दांत? आणि ही नुसती पोरांची कुरबुर आहे की आणखी काही, हे कसं ओळखायचं?

बालवाडीताई

आजी आणि बाबा, दोघांच्याही सल्ल्यात एकच अडचण आहे. ऐन वेळी तोंडातून काय काढायचं, हे त्यातून मुलीला कळत नाही.

आधी कट्टीबद्दल. रॉबर्ट सेलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या मैत्रीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या आहेत. पहिल्या पायरीवर, साधारण तीन ते सहा वर्षांत, मित्र म्हणजे 'आत्ता माझ्याबरोबर खेळतोय तो'. म्हणून या वयाची कट्टी बहुतेकदा घटकाभरात विरते. पण जिच्याशी घेतली तिला त्या क्षणी ती जन्माची वाटते. सायकल दिली नाही तरी थोड्या वेळाने बट्टी होते, हे तिला स्वतः अनुभवायला मिळालं की धमकीतली हवा निघते. हे समजावून सांगून होत नाही, सराव लागतो.

सराव असा. दोन बाहुल्या घ्या, नाहीतर दोन मोजे हातात घाला. वेळ दुपारची किंवा अंघोळीनंतरची. रडून घरी आल्या आल्या अजिबात नको, तेव्हा डोक्यात काही शिरत नाही. पाच-सात मिनिटं पुरतात. पहिल्या दिवशी कट्टीवाली बाहुली मुलीला द्या आणि "नाही" म्हणणारी तुम्ही व्हा. दुसऱ्या दिवशी उलट. तिला आधी दांडगाई करायला मिळाली की मजा येते आणि समोरून आलेलं उत्तर आपोआप कानावर पडतं.

उत्तर चार-पाच शब्दांचंच हवं: "सायकल आत्ता नाही देणार." त्यावर कट्टी आली तर, "बरं. बट्टी झाली की सांग." बस्स. "तू असं म्हणालीस की मला वाईट वाटतं" वगैरे मोठ्यांची वाक्यं या वयात तोंडात बसत नाहीत, अर्ध्यावर गाडी अडते आणि मूल रडतं. बोलून झालं की पाय हलले पाहिजेत: झोका, वाळू, दुसरी जोडी. तिथेच उभी राहिली तर मिनिटाभरात सायकल हातातून जाणारच.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, मुली हे वाक्य पुटपुटतात. म्हणून सराव करताना तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहा, ऐकू आलं तरच पुढे खेळा. दोन, रोज दारातच "आज कट्टी झाली का गं?" ही उलटतपासणी. विचारायचंच तर "आज कोणता खेळ खेळलात?" असं विचारा.

खेळघर

ताईंचं पटलं, पण "दुसरी जोडी" म्हणजे दुसऱ्या खेळात शिरता यायला हवं ना! ते वेगळंच कसब आहे आणि बहुतेक घरांत ते शिकवलंच जात नाही. आपण सांगतो, "जा, विचार त्यांना, मी खेळू का?" या प्रश्नाला "नाही" हे सगळ्यात सोपं उत्तर असतं, आणि मुलं तेच देतात.

त्याऐवजी: खेळापासून दोन-तीन पावलांवर थांबायचं आणि दोनेक मिनिटं नुसतं बघायचं. दुकान-दुकान चाललंय की घर-घर? मग शेजारी बसून तेच करायचं, ते वाळूचा डोंगर करत असतील तर आपलाही छोटा डोंगर. त्यानंतर खेळाला उपयोगी पडेल असं काहीतरी द्यायचं किंवा बोलायचं: "मी पानं आणते, भाजी करू." किंवा "डॉक्टर, माझ्या बाळाला ताप आलाय." गिऱ्हाईक किंवा पेशंट होऊन आलेल्याला सहसा कोणी हाकलत नाही. तरी हाकललं, तर आणखी एकदा प्रयत्न आणि मग सरळ दुसरीकडे.

काय फसतं? आल्या आल्या नियम बदलणं, "माझ्याकडे याहून मोठी आहे" म्हणणं, चाललेला खेळ थांबवून "काय खेळताय?" विचारणं. आणि बाकावरून मोठ्यांनी ओरडणं, "अरे, तिलाही घ्या!" मुलं घेतात, पण पाच मिनिटांसाठी, आणि तिच्यावर मनातून वैतागतात.

राज्याचं म्हणाल तर तो गोंधळ आपल्या जुन्या पद्धतीने सुटतो. सगळ्यांना चकायला शिकवा. हात एकत्र, पालथे की उताणे, वेगळा पडेल तो सुटला. शेवटी दोघं उरले की एक सुटलेला भिडू हातभार लावायला परत येतो. म्हणजे कोणावर राज्य हे दादागिरी ठरवत नाही. तीन वर्षांच्या धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू करून घेणं ही तर फारच शहाणी सोय आहे. पण सव्वापाच वर्षांच्या मुलीला रोज लिंबूटिंबू ठेवत असतील तर तो मोठेपणा नव्हे, बाजूला काढणं आहे. तिथे लक्ष द्या.

पोळपाट_लाटणं

घोळक्यात काही शिकवणं अवघड. त्याच बागेतल्या एखाद्या शांत मुलीला घरी बोलवा. एकीलाच. दोघी आल्या की दोन अधिक एक असा हिशेब होतो आणि तुमचीच एकटी पडण्याची शक्यता जास्त. या वयाला तास-सव्वा तास पुरे, आणि रंगात असतानाच संपवा. दोन तासांनी दमून झालेलं भांडणच दोघींच्या लक्षात राहतं.

ती यायच्या आधी मुलीला विचारा, "कोणती खेळणी द्यायची नाहीत?" दोन-तीन तिला स्वतःच कपाटात ठेवू द्या. बाकीची सगळ्यांची. हा करार आधी झालेला असला की निम्मी रडारड टळते.

खेळायला एक वाटी कणीक मळून दोन गोळे, पण पोळपाट-लाटणं एकच. मुद्दाम. माँटेसरी वर्गात प्रत्येक साधन सहसा एकेकच ठेवतात, त्यातही थांबायला शिकणं हाच हेतू असतो. थांबणाऱ्या मुलीच्या हाताला मात्र काम हवं (वाटीने गोल कापणं, तिळाचे डोळे लावणं), रिकामा हात ओढाओढी करतो. मी दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवायला सांगते. अर्ध्या तासाने एका ताटलीत खाऊ.

भांडण झालं तर, मारामारी नसेल तोवर मनात दहा आकडे मोजा. मग दिसतंय तेवढंच बोला: "लाटणं एक आहे, दोघींना हवंय. काय करूया?" "कोणी सुरू केलं?" विचारलंत की दोघी वकील होतात.

बालवाडीताई

वाळूच्या घड्याळाबद्दल जरा असहमत. मूल खेळण्याऐवजी वाळूकडेच बघत बसतं आणि संपता संपता ओरबाडतं. "तुझं झालं की मला दे" हे वाक्य शिकवलं तर देणारी स्वतःहून देते, आणि तसं दिल्याचा आनंद वेगळाच असतो. वेळ जास्त लागतो, हे खरं. घड्याळ फक्त झोक्यासारख्या, रांग लागणाऱ्या गोष्टीला ठेवा.

तसंच "सॉरी म्हण" चा आग्रह. चार-पाच वर्षांच्या मुलाला तो सुटकेचा पासवर्ड वाटतो, म्हटलं की मोकळा! त्यापेक्षा हातून भरपाई करून घ्या. मनोरा पाडला तर परत रचायला मदत, ढकललं तर पाणी आणून देणं आणि "आता बरं वाटतंय का?" विचारणं.

समुपदेशन_कट्टा

प्रश्नाचा शेवटचा भाग राहिला. कुरबुर आणि छळ यांतला फरक तीन खुणांनी बघतात: मुद्दाम केलेलं आहे का, पुन्हा पुन्हा होतंय का, आणि दोघांची ताकद असमान आहे का. ताकद म्हणजे फक्त अंगाची नव्हे. घोळका एकीच्या बाजूने असणं हीसुद्धा ताकदच. आज हिची कट्टी, उद्या तिची, असं फिरत असेल तर कुरबुर. पण महिनाभर एकाच मुलीवर, "हिच्याशी कोणी बोलायचं नाही" असा हुकूम, बट्टीसाठी रोज डब्यातला खाऊ किंवा स्टिकर वसूल होणं, शाळेच्या किंवा खेळायच्या वेळेला पोटदुखी, हे दिसलं तर मुलीने एकटीने निभवायची गोष्ट नाही. मोठ्यांनी मध्ये पडायचं.

कसं पडायचं? शाळेत होत असेल तर वर्गताईंना तीन गोष्टी सांगा: वार, जागा आणि नेमके शब्द. "ती फार दुष्ट आहे" याने काही हाती लागत नाही. "सोमवारी आणि बुधवारी, डबा खाताना, 'लाडू दे नाहीतर कट्टी' म्हणाली" याने डब्याच्या वेळची बसण्याची जागा बदलता येते, दुसऱ्या मुलीबरोबर जोडीचं काम देता येतं. बागेतलं असेल तर त्या मुलीच्या आईशी एकटीशी, समोरासमोर बोला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका. तिथे आयांची कट्टी होते आणि ती घटकाभरात विरत नाही.

एक नियम मात्र आधीपासून घरात असू द्या. 'आईला सांगू नकोस' असं कोणीही म्हटलं, मूल असो की मोठं माणूस, तरी घरी सांगायचंच. वाढदिवसाची गंमत थोड्या दिवसांनी सगळ्यांनाच कळते, ती लपवलेली चालते. कायम लपवायची आणि पोटात गोळा आणणारी गोष्ट चालत नाही.

शेवंती

खाऊची वसुली नाही, पोटदुखीही नाही, आणि कट्टी इतरांशीही घेते ती. म्हणजे कुरबुरच धरते. मोज्यांचा खेळ उद्यापासून. एक शंका: बागेत मी किती लांब बसू? शेजारी असले की ती प्रत्येक वेळी माझ्याकडे बघते.

खेळघर

शब्द ऐकू येतील पण नजर सहज भिडणार नाही असा बाक बघा, साधारण दहा-बारा पावलांवर, थोडा तिरका. उठायचं ते फक्त तीन गोष्टींसाठी: मारणं, चावणं, किंवा कोणी फाटकाबाहेर पळालं तर. आणि बरोबर निवडायला मेथीची जुडी न्या. मोबाईलपेक्षा बरी, कान मोकळे राहतात.