मदत हवी आहे: कोंबड्यांना देवी झाल्यात, बाकीच्यांना आता लस द्यावी का?

नमस्कार. मी गोराईला राहते. परसात डझनभर गावठी कोंबड्या आहेत, सगळ्या मोठ्या, अंड्यावरच्या. पाऊस लागल्यापासून डास फार वाढलेत. आता तिघींच्या तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती चामखिळीसारखे फोड येऊन काळ्या खपल्या धरल्यात. खाणं-पिणं ठीक आहे. मान वाकडी होणं, लंगडणं, हिरवी हगवण यातलं काही नाही, म्हणून मानमोडी वाटत नाही. तिची लासोटा लस पिल्लं असतानाच दिली होती; देवीची लस मात्र कधीच दिलेली नाही.

तिघींना वेगळं ठेवलंय. खपल्या न ओरबाडता पोव्हिडोन आयोडीन लावतेय, खुराड्याला बारीक जाळी मारलीय, साठलेलं पाणी काढलंय. देवी विषाणूची, त्यामुळे अँटिबायोटिकने ती जात नाही हे माहीत आहे. अंडी घरात मुलंच खातात, तेव्हा उगाच औषधं द्यायची नाहीत.

काळजी एकीची आहे. तिच्या तोंडात आतून पिवळसर पापुद्रा दिसतोय आणि ती चोच उघडी टाकून श्वास घेतेय. तिला उद्याच परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेणार आहे.

प्रश्न बाकीच्या नऊ जणींचा. कळपात रोग शिरल्यावर निरोगी कोंबड्यांना पंखात टोचायची देवीची लस देऊन उपयोग होतो का, की उशीर झाला? आणि लसीची कुपी शेकडो डोसांची येते, एकदा कालवली की काही तासांतच संपवावी लागते. उत्तन-मनोरी भागात कुणी लस देणार आहे का, म्हणजे एकच कुपी वाटून घेता येईल?