डाव्या पोटरीची सततची फडफड : मोटर न्यूरॉन डिसीजची शंका कितपत धरावी?

पायवाट, सातारा

सप्रेम नमस्कार. माझे वय ३६ असून मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहतो. दिवाळीपासून माझ्या डाव्या पोटरीचे मांस फडफडत आहे. चालताना काही जाणवत नाही. मात्र खुर्चीत बसलो किंवा अंथरुणाला पाठ टेकली की ते सुरू होते आणि कातडीखालची वळवळ डोळ्यांनी स्पष्ट दिसते. अलीकडे उजवा दंड, अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा आणि डोळ्याची पापणीही अधूनमधून लवते. वेदना नाही. डावा पाय मात्र उजव्यापेक्षा लवकर थकल्यासारखा वाटतो आणि संध्याकाळी नडगीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात.

मोबाइलवर शोध घेतला तेव्हा जिकडेतिकडे मोटर न्यूरॉन डिसीज (हालचालीच्या चेतापेशी नष्ट होऊन स्नायू निकामी होत जाण्याचा आजार) हेच नाव समोर आले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. हा उतारवयाचा आजार आहे अशी स्वतःची समजूत घालावी, तर स्टीफन हॉकिंग यांचे निदान १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी झाले होते हे आठवते. रोज रात्री शिलाईची टेप घेऊन मी दोन्ही पोटऱ्या मोजतो. डावी कधी अर्धा, तर कधी एक सेंटिमीटर कमी भरते. आरशासमोर जीभ बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात पाहतो, तर तीही थरथरताना दिसते. दुसरीकडे, सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढून जाणे अजून सुटलेले नाही आणि माझ्या चालीत फरक पडल्याचे सोबत्यांपैकी कोणी म्हणत नाही. आमच्या डॉक्टरांनी थायरॉइड, साखर, कॅल्शियम तपासले, ते सर्व नॉर्मल आले. बी-१२ तेवढे कमी निघाले. गोळ्या देऊन त्यांनी ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगितले, पण ते ज्याला सांगितले जाते त्याचे टेन्शन वाढतेच. पाचगणीच्या बाजूला आमची थोडी स्ट्रॉबेरी आहे आणि हंगामात सुट्टीच्या दिवशी मीही तोडणीला बसतो, एवढाच काय तो अंगमेहनतीचा भाग.

केवळ फडफडीने सुरुवात होऊन पुढे हा आजार उघडकीस येतो, असे होते का? आणि ईएमजी, म्हणजे सुई घालून स्नायूतील विजेचे संकेत पाहण्याची तपासणी, मी स्वतःहून करून घ्यावी का? जाणकारांनी कृपया सांगावे.

कोयनाकाठ, कराड

नमस्कार. मी डॉक्टर नाही, परंतु माझ्या थोरल्या चुलतभावाला हा आजार झाला होता आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी त्यांच्याजवळ होतो, म्हणून लिहीत आहे. आपल्या भीतीत भर घालण्याचा हेतू नाही. उलट, आपले वर्णन आणि आम्ही पाहिलेली सुरुवात यांत मोठे अंतर आहे, हेच सांगायचे आहे.

दादांची तक्रार फडफडीची नव्हतीच. दुकानाचे कुलूप लावताना किल्ली फिरेना, इथून सुरुवात झाली. डाव्या हाताने किल्ली फिरवायची सवय त्यांनी इतकी सहज लावून घेतली की घरात कोणाला कळलेही नाही. पुढे शर्टाचे वरचे बटण लागेना. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसून तिथे खळगा पडला, तो वहिनींनी प्रथम पाहिला. खांद्यावरचे मांस फडफडते हेही वहिनींनाच दिसले. दादांना विचारले तेव्हा त्यांना त्याची जाणीवही नव्हती. हाताला मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, दुखणे नाही, फक्त दर महिन्याला हाताचे एखादे काम कमी होत गेले. एका ठिकाणी मानेच्या मणक्याचा दोष समजून बराच काळ पट्टा आणि शेक देण्यात आला आणि त्यात वेळ गेला. निदान झाल्यावर रिलुझोल सुरू झाले. या औषधाने आजार बरा होत नाही, थोडा काळ लांबतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले आणि त्या स्पष्टपणाबद्दल आम्ही आजही त्यांचे ऋणी आहोत.

आपण स्वतःचे शरीर रोज टॉर्च लावून तपासता. दादांच्या बाबतीत शरीराने काम सोडले, आणि ते आधी इतरांच्या नजरेस आले. आपल्या लिहिण्यात, मला होत नाही असे एकही काम मला आढळले नाही.

मिरजेचा फिजिशियन

पायवाट यांस, लिखाणावरून निदान कोणीही करू नये आणि मीही करणार नाही. तरी आपल्या प्रश्नाचा काही भाग निश्चितपणे उलगडता येईल.

स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या चेतापेशींची साखळी दोन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यातील पेशी मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत येतात, तर दुसऱ्या टप्प्यातील पेशी तेथून थेट स्नायूपर्यंत जातात. मोटर न्यूरॉन डिसीजच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, म्हणजे एएलएसमध्ये, दोन्ही टप्प्यांतील पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे एकाच अवयवात स्नायू झिजणे आणि फडफडणे ही खालच्या टप्प्याची, तर गुडघ्यावर हातोडी मारताच पाय वाजवीपेक्षा जोरात उसळणे, पाय ताठरणे ही वरच्या टप्प्याची चिन्हे एकत्र दिसू लागतात. निदानासाठी २०१९ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे ठरलेल्या निकषांतही पहिली अट ‘वाढत जाणारी हालचालीची अक्षमता’ ही आहे. फडफड कितीही असली, तरी ती एकटी ही अट पुरी करीत नाही.

निव्वळ फडफडीपासून सुरुवात होते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘अगदी क्वचित’ असे आहे, आणि तशा रुग्णांतही अशक्तपणा सहसा काही महिन्यांत पाठोपाठ येतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९३ साली एक पाठपुरावा प्रसिद्ध केला होता. त्यात अशक्तपणा नसलेल्या आणि फडफड निरुपद्रवी ठरलेल्या १२१ व्यक्तींची २ ते ३२ वर्षांनंतर विचारपूस करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झालेला नव्हता. पोटरी, पापणी आणि अंगठा या निरुपद्रवी फडफडीच्या ठरलेल्याच जागा आहेत. अपुरी झोप, जास्त चहा-कॉफी, श्रमानंतरचा थकवा आणि काळजी यांनी ती वाढते. आणि ती वाढली की काळजी वाढते, हे चक्र आपल्याला ठाऊक झालेच असेल.

‘थकल्यासारखे वाटणे’ आणि स्नायूची ताकद खरोखर जाणे यांत फरक आहे. फक्त टाचांवर दहा पावले, मग फक्त चवड्यांवर दहा पावले चालता येतात का, हे एकदा पाहावे, रोज नव्हे. जो मनुष्य अजिंक्यतारा चढतो, त्याची पोटरी चांगलेच काम करीत आहे. दोन पोटऱ्यांमध्ये एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक निरोगी माणसांतही सर्रास असतो आणि टेप बोटभर वर-खाली धरली तरी तेवढा फरक सहज पडतो. जिभेचे म्हणाल, तर बाहेर काढून धरलेली जीभ कोणाचीही थरथरते. आम्ही ती तोंडात सैल पडलेली असताना पाहतो.

माझे लक्ष आपण ओझरत्या लिहिलेल्या दोन गोष्टींकडे गेले. पहिली, नडगीच्या बाहेरच्या मुंग्या. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये स्पर्शाच्या चेतांना सहसा धक्का लागत नाही. म्हणून मुंग्या येतात म्हटल्यावर आमची बोटे दुसऱ्या कारणांकडे वळतात. दुसरी, स्ट्रॉबेरीची तोडणी. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडे खाली, जे टोकदार हाड हाताला लागते त्याच्या मानेला वळसा घालून एक चेता जाते आणि तिथे ती कातडीच्या अगदी जवळ असते. तासन् तास उकिडवे बसल्याने तिच्यावर दाब येतो, नडगीच्या बाहेरची बाजू व पाऊलपाठ बधिर होते आणि दाब फार झाला तर पाऊल वर उचलता येत नाही. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांमध्ये हा विकार परदेशातही नोंदलेला आहे. पोटरीच्या मांसाला मात्र दुसरी चेता पुरवठा करते. त्यामुळे फडफड आणि मुंग्या या दोहोंना एकाच दाव्याला बांधू नये. बी-१२ कमी असणेही मुंग्यांना कारण होऊ शकते.

ईएमजी स्वतःहून करू नका. आधी न्यूरॉलॉजिस्टकडून हातोडी, सुई आणि ट्यूनिंग फोर्क घेऊन नीट तपासणी होऊ द्या. कोणत्या चेता आणि कोणते स्नायू तपासायचे हे त्यावरून ठरते. मात्र पाऊल फरफटू लागले, पकड सुटू लागली, बोलणे जड झाले, पाणी पिताना ठसका लागू लागला किंवा एखादा स्नायू दिसण्याइतका खंगला, तर वाट न पाहता जावे.

पठारावरचा शेतकरी, पाचगणी

डॉक्टरसाहेबांनी उकिडव्या बसण्याचे म्हटले, ते आमच्याकडे नवे नाही. हंगामाच्या मध्यावर तोडणीच्या बायका ‘पाय मेला’ म्हणतात, तो हाच प्रकार असावा. आमच्या गड्याची चप्पल पायातून निसटे आणि चार पावले पुढे गेल्यावर त्याला ते कळे. आता आम्ही वाफ्यांमधल्या सरीत बसायला बुटके स्टूल देतो आणि दर तासाला उभे राहून चालायला लावतो.

आणखी एक. फवारणी आपण स्वतः करता का? ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक अंगावर किंवा श्वासावाटे गेले तर मांस फडफडते, सोबत घाम आणि लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, मळमळते. ते काही तासांत उठणारे दुखणे आहे, दिवाळीपासून चालणारे नव्हे. तरीही तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगून ठेवावे.

पायवाट, सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कराडच्या कोयनाकाठ यांस, आपल्या घरावर गुदरलेला प्रसंग माझ्यासाठी पुन्हा उकरून लिहिलात, याची जाणीव आहे.

फवारणी मी करीत नाही, ते काम गडी करतात. न्यूरॉलॉजिस्टांना दाखवून आलो. त्यांनी कपडे उतरवून पाठीपासून तळव्यापर्यंत पाहिले, हातोडीची तपासणी दोनदा केली आणि पायाचा अंगठा मी वर ओढत असताना तो दाबून धरला. उजव्यापेक्षा डावा अंगठा किंचित कमी जोराचा आणि नडगीच्या बाहेरचा पट्टा बधिर निघाला. रिफ्लेक्स सर्वत्र सारखे, पोटरीची ताकद पूर्ण. गुडघ्याखालच्या हाडावर त्यांनी बोटाने टिचकी मारली, तेव्हा पाऊलपाठीपर्यंत झिणझिणी गेली. चेतेवरील दाबच त्यांना वाटतो. तोडणी बंद, मांडीवर मांडी टाकून बसणे बंद, बी-१२ ची इंजेक्शने, आणि नर्व्ह कंडक्शनसह (चेतेतून संदेश कसा जातो त्याची तपासणी) ईएमजी लिहून दिली आहे. फडफड अजून आहेच. टेप मात्र सौभाग्यवतींनी शिलाईच्या डब्यात कुलूपबंद केली आहे.

ईएमजीच्या सुयांची थोडी धास्ती वाटते. आधी काही तयारी लागते का?

मिरजेचा फिजिशियन

उपाशी जाण्याची गरज नसते. आंघोळ करून जावे आणि त्या दिवशी पायाला तेल, मलम किंवा क्रीम लावू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल, तर आधी सांगावे. पहिल्या भागात विजेचे छोटे झटके बसतात, दुसऱ्या भागात बारीक सुई स्नायूत घालून तो आधी सैल आणि मग आवळून पाहतात; टोचल्यासारखे दुखते, नंतर एक-दोन दिवस ठणकू शकते. अंगठ्याचा जोर सध्या जेवढा आहे तेवढा टिकला किंवा वाढला, तर न्यूरॉलॉजिस्टांनी दिलेल्या तारखेलाच पुन्हा दाखवावे. पाऊल उचलणे जड जाऊ लागले, तर त्याआधीच फोन करून वेळ घ्यावी.