मदत हवी आहे: पाच माणसं, महिन्याला 7000 रुपये. ताटातलं नेमकं काय कमी करू?

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. घरात मी, नवरा, सासरे, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. नवरा अंबड एमआयडीसीत कंत्राटावर आहे. दिवाळीनंतर ओव्हरटाइम बंद झाला, आता आठवड्यातून चारच दिवस बोलावतात. मी घरी ब्लाउज शिवते, पण लग्नसराई सोडली तर त्याचा भरवसा नाही. घरभाडं, वीज, सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्या, जाणं-येणं सगळं वजा करून खाण्यापिण्याला 7000 उरतात. त्यातच किराणा, दूध आणि भाजी. गॅस वेगळा धरलाय. पूर्वी एवढ्यालाच साडेदहा-अकरा हजार जायचे.

बिस्किटं, फरसाण, तयार मसाले, हॉटेल हे सगळं केव्हाच बंद केलंय, त्यामुळे 'बाहेरचं खाणं टाळा' असं कृपया लिहू नका. आता जे कमी करायचं ते ताटातलंच आहे. गेल्या महिन्यात डाळ पातळ केली, दूध दीड लिटरवरून एक लिटरवर आणलं, अंडी बंद केली. सकाळी मुलं चहा-पोळी खाऊन शाळेत जातात. मुलीचं हिमोग्लोबिन शाळेच्या तपासणीत कमी निघालंय. पोटं भरतात, पण अंगी काही लागत नाही असं वाटतं.

किराणा गल्लीतल्या दुकानातून खात्यावर भरते. रेशनकार्ड केशरी आहे, त्यावर धान्य मिळत नाही. त्याचं काही होऊ शकतं का? आणि आणखी काय कमी करता येईल?

गोदाकाठ:
ताई, आधी दोन आकडे सांगा. महिन्याला तेल किती आणि साखर किती? लोक अडचणीत आले की डाळ, दूध, अंडी कमी करतात, कारण ती बिलात डोळ्यांवर येतात. तेल-साखरेला मात्र कोणी हात लावत नाही.

धागाकर्ती:
तेलाच्या सहा पिशव्या. साखर सहा किलो, चहा तीन वेळा होतो. सासऱ्यांचा बिनसाखरेचा.

गोदाकाठ:
मग तुमची अंडी त्यातच आहेत. पाच माणसांना साडेतीन किलो तेल रग्गड झालं. फोडणी डावाने नाही, चमच्याने मोजून घाला. आणि पिशवीवरचं वजन वाचा. पूर्वी एक लिटर म्हणजे 910 ग्रॅम असायचं, आता तशाच दिसणाऱ्या पिशव्या 850, 800, अगदी 750 ग्रॅमच्याही येतात. भाव पिशवीचा नाही, किलोचा काढायचा. साखर तीन किलोवर आणा.

वाचलेल्या पैशांतून डाळ पुन्हा घट्ट करा आणि मुलांना आठवड्यातून तीन-चार दिवस अंडं द्या. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. सोयाबीन वड्या खात असाल तर 100 ग्रॅममध्ये 50 ग्रॅमच्या वर. वास आवडत नसेल तर उकळून, दोनदा पिळून, बारीक करून खिमा करा. मुलं मुकाट खातात.

मुलांचा सकाळचा चहा मात्र बंदच करा. जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही. मुलीसाठी ही गोष्ट मोठी आहे. त्याऐवजी शेंगदाणे-गूळ किंवा नागलीची (नाचणीची) आंबील.

सिन्नरकर:
हुलगे (कुळीथ) कोणीच कसे सुचवले नाहीत? आमच्याकडे दुष्काळात घरं हुलग्यांवर निघाली. आमच्या दुकानात तूरडाळीपेक्षा बरेच स्वस्त आहेत आणि प्रथिनं डाळीइतकीच. रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यात बांधा, मोड येऊ द्या. उसळ करा, वरून लिंबू पिळा. नाहीतर हुलग्याचं पीठ दळून आणा आणि शेंगोळे करा. लसूण, मिरची, जिरं वाटून पिठात घालायचं, घट्ट मळून वळायचे आणि उकळत्या रश्शात सोडायचे. सोबत भाकरी असली तर भाजी लागत नाही, भाजीचे पैसे वाचले.

ज्या दिवशी भाजी महाग त्या दिवशी डुबुकवड्या, पिठलं, उडदाचं घुटं. आठवड्यातले तीन दिवस असे काढले तरी घरात कोणी तक्रार करत नाही, उलट पाहुणे आले की मागून खातात!

रविवार_कारंजा:
भाजीचं मी सांगतो. आपण नाशिकचे, निम्म्या महाराष्ट्राला भाजी आपल्याकडून जाते आणि आपणच कॉलनीत येणाऱ्या गाडीवर पाव किलोच्या भावाने घेतो. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो. दिवेलागणीला जा, उठत्या बाजारात वाटे लावलेले असतात, तेव्हा भाव करता येतो. पण सिडकोतून रिक्षा केलीत तर वाचलेले रिक्षावालाच नेईल. शेजारच्या दोघीतिघींना घेऊन बसने जा आणि मेथी-कोथिंबीर एकत्र घेऊन वाटून घ्या.

कांदा गोल्टी, म्हणजे बारीक, घ्या. सोलायला वेळ लागतो, पण चव तीच आणि भाव कमी. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांद्याची गोणी दोन घरांत मिळून भरा. गोणीत ठेवू नका, मोकळ्या हवेवर पसरा, पावसाळा निघतो. लाल कांदा मात्र साठवायचा नसतो, लागेल तेवढाच घ्यायचा.

तलाठी_नव्हे:
रेशनबद्दल खोटी आशा देत नाही. केशरी कार्ड हे वर्षाला 15 हजारांच्या वर ते 1 लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांचं. त्यातल्या ज्यांची प्राधान्य कुटुंबात नोंद आहे त्यांनाच माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं, ते सध्या मोफत आहे. शहरात त्या नोंदीची मर्यादा वर्षाला 59 हजार आहे, म्हणजे महिना पाच हजारांच्याही आत. आता तुम्हीच हिशोब करा, भाडं भरून सात हजार खायला उरणारं घर कागदावर त्यात बसत नाही. शिवाय इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या, भरलेला असला की पात्र माणूसही थांबतो. काम पूर्णच सुटलं तर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून धान्य वितरण कार्यालयात अर्ज जरूर करा. तोवर कार्डावरच्या सगळ्यांचं आधार ई-केवायसी करून ठेवा.

मुलांची शाळा अनुदानित किंवा महापालिकेची आहे का? तिथे आठवीपर्यंत दुपारचं जेवण असतं.

धागाकर्ती:
दोघंही अनुदानित शाळेत आहेत. मुलगा खातो. मुलगी नाही खात, म्हणते मोठ्या मुलींपैकी कोणीच रांगेत उभं राहत नाही. मी डबा देते.

गोदाकाठ:
मैत्रिणींपैकी एकीच्या आईशी बोला, दोघी मिळून उभ्या राहतील. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, तीही मुली पिशवीत टाकून घरी आणतात किंवा फेकतात. विचारा तिला. आणि महापालिकेच्या दवाखान्यात एकदा दाखवाच, हिमोग्लोबिन नुसत्या पालेभाजीवर चढत नाही.

घोटीवाला:
सासऱ्यांसाठी नागलीची भाकरी चांगली, मुलांनाही. कॅल्शियम भरपूर, दूध कमी केलंय म्हणून जास्तच उपयोगी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून येणाऱ्यांकडे मोकळी घेतली तर स्वस्त पडते, पाकिटातलं पीठ घेऊ नका.

तलाठी_नव्हे:
फक्त एक. नागली म्हणजे शुगरवाल्याला मोकळं रान नव्हे, तीही धान्यच. दोनच्या जागी तीन भाकऱ्या झाल्या तर शुगर वाढणारच. आणि आंबिलीत गूळ असेल तर ती मुलांसाठी, सासऱ्यांसाठी ताकातली.

सिन्नरकर:
त्या खात्याचंही बघा ताई. उधारीवर भाव करता येत नाही आणि दुकानदार जो ब्रँड देईल तो घ्यावा लागतो. एकदम बंद नका करू, अडीनडीला तोच उभा राहतो. या महिन्यात फक्त गहू आणि डाळ रोखीने घ्या, पुढच्या महिन्यात तेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला चहातली साखर कमी करायला तयार आहे, पण तिसरा चहा सोडणार नाही. ठीक आहे. अंडी उद्यापासून सुरू. हुलग्यांबद्दल एक विचारायचंय, आमच्याकडे कधी केले नाहीत. भिजवलेलं पाणी टाकायचं की वापरायचं? आणि गॅस फार लागतो का?

सिन्नरकर:
भिजवलेलं पाणी टाका, शिजवलेलं टाकू नका. मोड आलेले हुलगे कुकरला चार-पाच शिट्ट्यांत होतात, डाळ-भाताच्या डब्यांसोबतच लावा म्हणजे वेगळा गॅस नको. वरचं पाणी काढून आमसूल, लसणाची फोडणी आणि चिमूटभर गूळ घालून सार करा. सासऱ्यांच्या वाटीत गूळ नको.