बी विंग ग्रुप: खाऊच्या डब्यावरची चिठ्ठी

सोमवार

चिनूची आई, बी-३०४ (सकाळी ७:४०): नमस्कार. काल चित्रकला स्पर्धेच्या खाऊत नाचणीचे मफिन होते ते कोणी केले होते? त्यात काय काय घातलं होतं ते कृपया सांगा. डब्यावर 'ग्लुटेन-फ्री' अशी चिठ्ठी होती म्हणून मी चिनूला एक दिला. रात्री ११ पासून पोटात कळा आणि चार उलट्या. आत्ता कुठे झोपलाय.

सेक्रेटरी (७:४६): अरेरे, काळजी घ्या. काही लागलं तर हक्काने सांगा. बाकी सर्वांना सूचना: आज ११ ते १ पाणी बंद, टाकी साफ होणार आहे.

काकू, बी-१०२ (७:५२): अगं बाई! मीच केले होते ते. चिनू मला नातवासारखा आहे. पण त्यात मैद्याचा कणही नव्हता गं. अर्धी नाचणी, अर्धी कणीक, साखरेऐवजी गूळ, दही आणि तूप. सगळं घरचं.

चिनूची आई (७:५३): काकू, कणीक म्हणजे गहूच ना.

काकू (७:५५): हो, पण शरबती गहू, निवडून, धुऊन, आपल्या गिरणीतून दळून आणलेला. मैदा नाही.

बी-२०१ (७:५८): वडापावने झालं असेल. मलाही रात्री जळजळत होतं.

चिनूची आई (७:५९): त्याने वडापाव खाल्लेला नाही. त्याचा डबा मी वेगळा नेते. गेली दोन वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला नेते, सगळ्यांनी पाहिलंय.

काका, ए-४०३ (८:०५): आमच्या लहानपणी सगळे पोळ्या खायचे. कोणाला काही झालं नाही.

काकू (८:१०): आणि चिठ्ठी मी लिहिलेली नाही हं. मी फक्त 'मैदा नाही' एवढंच म्हटलं होतं.

वहिनी, ए-३०१ (८:१२): चिठ्ठी मी लिहिली. मैदा नाही म्हणजे ग्लुटेन-फ्री असंच मला वाटलं. खाऊचं सगळं माझ्या एकटीवर टाकलं होतं, हे मी शनिवारीच बोलले होते. मदतीला कोण आलं?

बी-२०१ (८:१४): आता गणपतीतल्या मोदकांचा हिशोब निघणार.

वहिनी, ए-३०१ (८:१५): तो हिशोब मी लेखी दिलेला आहे. पुन्हा विचारू नये.

सेक्रेटरी (८:१७): कृपया विषयाला धरून बोला.

चिनूची आई (८:३१): मला कोणालाच दोष द्यायचा नाहीये. पण एकदा शांतपणे वाचा. चिनूला सिलिॲक आहे. हे डाएट नाही, नखरेही नाहीत. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की त्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक परदेशी धान्य) या तिन्हींत ते असतं. मैदा, रवा, कणीक, दलिया, शेवया, सगळं गहूच. यावर औषध नाही, आयुष्यभर ग्लुटेन बंद हाच उपाय.

सी-५०२ ताई (८:४०): अगदी बरोबर. माझ्याकडे केकच्या ऑर्डरी येतात, तेव्हाही लोक 'मैदा नको' आणि 'ग्लुटेन नको' यात गल्लत करतात. ग्लुटेन-फ्रीची ऑर्डर मी घेतच नाही, कारण माझ्या ओट्यावर रोज मैदा उडतो.

बी-४०२ (८:४४): खपली गहू चालत असेल ना? तो पचायला हलका म्हणतात.

चिनूची आई (८:४५): नाही. खपलीसुद्धा गहूच. हिंगही बघून घ्यावा लागतो, बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं.

काका, ए-४०३ (८:५०): आमच्या लहानपणी सगळे पोळ्या खायचे. हिंगही होता. कोणाला काही झालं नाही.

चिनूची आई (९:०२): काका, तेव्हाही होत असेल. 'पोर अंगी लागत नाही' म्हणायचे आणि सोडून द्यायचे. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९४० च्या दशकात हे गव्हाशी जोडून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तिकडे उपासमार होती, पाव मिळेना, आणि नेमकी ही मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली.

वहिनी, ए-३०१ (९:१०): मग आमच्या पिंकीचंही पोट सारखं दुखतं. आजपासून तिचा गहू बंद करते.

चिनूची आई (९:११): वहिनी, थांबा! आधी डॉक्टरांना दाखवा. सिलिॲकसाठीची टीटीजी नावाची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करायची असते. आधीच बंद केलात तर आजार असूनही सापडत नाही.

सेक्रेटरी (१०:५५): पाणी पाच मिनिटांत बंद होईल.

काकू (दुपारी १:२०): सकाळपासून घास गेला नाही. पोराला माझ्या हातचं खाऊन त्रास झाला. आता पूर्ण नाचणीचे करून पाहिले, कणीक अजिबात नाही. विटा झाल्या. हात लावला की भुगा.

सी-५०२ ताई (१:३४): काकू, होणारच. कणकेतला चिकटपणा म्हणजेच ते ग्लुटेन. तेच हवा धरून ठेवतं. ते काढलं की त्याची कामं दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावी लागतात. एका पिठाने भागत नाही. चवीला ज्वारी किंवा नाचणी, अंगाला तांदूळ, आणि हलकेपणाला साबुदाण्याचं पीठ किंवा कॉर्नफ्लोर. आणि सगळं धरून ठेवायला इसबगोल.

बी-२०१ (१:३६): इसबगोल? म्हणजे नाश्ता आणि औषध एकदम.

सी-५०२ ताई (१:३७): हसा, पण पाणी घातलं की त्याचा जो लगदा होतो तोच आपल्याला हवाय. २५० ग्रॅम पिठाला सपाट दोन चमचे. जास्त झालं तर मधे गिच्च राहतं.

काकू (१:४०): वाटीने सांग गं. ग्रॅम कोण मोजत बसणार?

सी-५०२ ताई (१:४८): काकू, तिथेच तर सगळे फसतात. मैद्याचा कप साधारण १२५ ग्रॅम, तांदळाच्या पिठाचा १५०-१६० पर्यंत. कपाला कप बदललात की पीठ जास्त पडतं आणि कोरडं होतं. जुन्या रेसिपीतल्या मैद्याचं वजन धरा आणि तेवढ्याच वजनाची मिश्र पिठं घ्या. १२ मफिनला: ज्वारी १००, तांदूळ ८०, साबुदाण्याचं पीठ ७०, गूळ १५०, दही २००, दूध १००, तेल ९०, सगळं ग्रॅममध्ये. बेकिंग पावडर दोन चमचे, सोडा अर्धा.

सी-५०२ ताई (१:५३): पिठं आणि इसबगोल आधी दही-दुधात अर्धा तास भिजवा, नाहीतर तांदूळ दाताखाली कचकचतो. गूळ आणि तेल त्यानंतर. सोडा आणि पावडर अगदी शेवटी, लगेच ओव्हनमध्ये. मैद्याचं मिश्रण जास्त फेटलं की वातड होतं, इथे ती भीती नाही, चांगलं घोटा. १८० अंशावर २० ते २२ मिनिटं.

काकू (२:०५): नाचणी कुठे घालू मग?

सी-५०२ ताई (२:०६): निम्म्या ज्वारीच्या जागी. आणि दूध दोन-तीन चमचे वाढवा, नाचणी पाणी पिते.

चिनूची आई (२:१५): ताई, मनापासून आभार. पण पीठ कुठून आणायचं ते महत्त्वाचं. कोपऱ्यावरच्या गिरणीत आधी कोणाचा तरी गहू पडतो आणि मग आपली ज्वारी. मी पहिल्या वर्षी हेच केलं. रिपोर्ट सुधारेनात आणि मला कारण कळेना. ज्वारी शुद्ध होती, जातं नव्हतं. आता मी तांदूळ आणि ज्वारी धुऊन, वाळवून वेगळ्या मिक्सरच्या भांड्यात दळते. नाहीतर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पाकीट. त्यातल्या ग्लुटेनला एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची) मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे किती कमी ते बघा.

बी-४०२ (२:२०): इतकं कडक?

काका, ए-४०३ (२:२४): आमच्या लहानपणी सगळे एकाच गिरणीत दळायचे.

काकू (२:३०): काका, आता पुरे. मला कळतंय ती काय म्हणते. माझ्या सासूबाईंचं सोवळं असंच होतं. पळी वेगळी, पाणी वेगळं, कोणी शिवलं की सगळं परत.

चिनूची आई (२:३१): हो काकू. अगदी तसंच. दोन वर्षं मला हे लोकांना नीट सांगता येत नव्हतं.

काकू (२:३६): आणि टिनला तूप लावून मी वर मैदा भुरभुरवते. आज लिहिताना लक्षात आलं. म्हणजे मैद्याचा कणही नव्हता हे सकाळी मी खोटंच बोलले की.

चिनूची आई (२:३७): मुद्दाम नाही बोललात. त्यापेक्षा कागदी कप घाला.

काकू (२:४१): चिनू कसा आहे?

चिनूची आई (२:४२): उठलाय. भात आणि ताक घेतलं थोडं. तुमच्यावर रागावलेला नाही. मफिन छान होता म्हणतो, हेच मला जास्त लागलं.

वहिनी, ए-३०१ (२:५०): पुढच्या वेळी डब्यावर 'ग्लुटेन-फ्री' लिहू नका. आत काय काय आहे ते सगळं लिहा. मी तरी तसंच करणार. चिनूची आई, सॉरी हं. सकाळी मी उगाच चढ्या आवाजात बोलले.

सेक्रेटरी (३:०५): चांगली सूचना. बी-२०१, तुमची स्कूटर पुन्हा पंपाच्या दारात आहे.

काकू (३:१२): शनिवारी मी परत करणार. पण माझ्या घरातली चाळणी, परात, ओव्हनची जाळी, सगळ्याला जन्मभराचं पीठ लागलेलं. कितीही घासलं तरी माझाच भरवसा नाही.

चिनूची आई (३:१४): मग माझ्याकडे या ना. ओव्हन आहे, पिठं आहेत, वजनकाटाही आहे. चिनूला सगळ्यांना खाऊ वाटायला आवडतं.

काकू (३:१५): मोठा चमचा तरी आणू का माझा? त्याच्याशिवाय हात बसत नाही.

चिनूची आई (३:१६): चमचा नको काकू, नुसत्या या. दारात हात धुवा आणि पोळ्यांचा ॲप्रन घरीच ठेवा.

शनिवार

काकू (दुपारी १२:५०): पहिला घाणा मधे बसला. १५ मिनिटांत दार उघडलं मी, राहवलं नाही. दुसरा २४ मिनिटं ठेवला, पाच मिनिटांनी टिनमधून काढून जाळीवर गार केला. वर तडा गेलाय छान.

सी-५०२ ताई (१२:५३): गार झाल्याशिवाय कापू नका! गरम असताना आतून ओलंच लागतं. उरलेले फ्रिजमध्ये नको, कडक होतात. सरळ फ्रीझरमध्ये टाका.

चिनूची आई (१२:५८): उरलेले म्हणजे किती ते चिनूला विचारून सांगते.